मेंढ्यांची नोंद आहे, राखणाऱ्या पोराची नाही

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र राज्य;
मा. जिल्हाधिकारी, नाशिक, अहिल्यानगर, पालघर, ठाणे आणि रायगड;
मा. आयुक्त, आदिवासी विकास, कामगार, महिला व बालविकास आणि पशुसंवर्धन विभाग



२०२२ च्या ऑगस्टअखेर इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवर जेमतेम दहा वर्षांची मुलगी आईबापांच्या झोपडीबाहेर बेशुद्ध पडलेली सापडली. अंगावर जखमांच्या खुणा होत्या. नाशिकच्या रुग्णालयात तिच्यावर काही दिवस उपचार झाले आणि सप्टेंबर लागताच ती गेली. ही मुलगी घरात राहत नव्हती, शाळेत जात नव्हती, मग होती कुठे, याची विचारपूस सुरू झाली. तेव्हा उघड झाले की तिला शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मेंढपाळाकडे मेंढ्या राखायला ठेवले होते. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्या बोलीवर.

ती एकटी नव्हती. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच वस्तीतली, आसपासच्या पाड्यांवरची आणखी मुले एकामागून एक समोर आली. कुणी सहा-सात वर्षांचे, कुणी बारा-तेरा. वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारकडे अहवाल मागितला. वर्तमानपत्रांनी आठवडाभर बातम्या छापल्या. मग दसरा आला, दिवाळी आली, आणि मेंढपाळांचे फिरते वाडे नेहमीप्रमाणे रस्त्याला लागले.

तिच्या मृत्यूला कोण जबाबदार, हे न्यायालय ठरवील. त्याबद्दल हे पत्र नाही. माझा प्रश्न तिच्या मरणाआधीच्या दहा वर्षांचा आहे. कारण त्या दहा वर्षांचे उत्तरदायित्व एकट्या कुणा मेंढपाळावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

या राज्यात जन्मलेल्या कुठल्याही मुलीची गाठ सरकारशी किती वेळा पडायला हवी, ते पाहा. जन्म झाला की ग्रामपंचायतीत नोंद. मग अंगणवाडीत दर महिन्याला वजन, लसीकरणाचे कार्ड. सहा वर्षे पूर्ण झाली की पहिलीचा पट. शिधापत्रिकेवर नाव. आदिम जमातीची म्हणून आदिवासी विकास प्रकल्पाच्या यादीत कुटुंब. शाळेच्या हजेरीत सलग गैरहजेरी दिसली की शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात नाव. यातली प्रत्येक वही आपल्यापैकी कुणाच्या तरी कार्यालयाची आहे. एवढ्या साऱ्या वह्यांमधून दहा वर्षांचे एक माणूस निसटते, आणि ते सापडते तेव्हा बेशुद्ध सापडते, याचा अर्थ त्या वह्या भरल्या जातात पण वाचल्या जात नाहीत.

मेंढ्यांमागचे पोर नेमके काय काम करते, हे आधी मांडतो. कारण फाइलीत ‘गुरे राखणे’ असे लिहिले की ते काम सोपे वाटू लागते, पोरासोरांनी खेळता खेळता करावे तसे.

दिवाळी आटोपली की पारनेर, संगमनेर, सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ वाडे घेऊन निघतात. कुणी घाट उतरून कल्याण-भिवंडीकडे जातात, कुणी नाशिकच्या बागायती पट्ट्यात शिरतात. वाडा म्हणजे एक-दोन किंवा चार-पाच कुटुंबे, त्यांची शे-दोनशे मेंढरे, थोड्या शेळ्या, कुत्री, आणि बिऱ्हाड पाठीवर वाहणारी घोडी. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो किंवा पैसे देतो. रान संपले की मुक्काम हलतो. घोटी-सिन्नर रस्त्यावर किंवा कसाऱ्याच्या अलीकडे सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले की असा एखादा कळप दिसतो. पुढे एक बाप्या हाळी देत चाललेला असतो. मागे खाली माना घालून मेंढ्यांचा लोंढा. आणि सगळ्यात शेवटी, शेवटची मेंढी आणि भोंगा वाजवणारा ट्रक यांच्यामध्ये, एक पोर. हातात स्वतःपेक्षा उंच काठी, काखेत वाटेतच जन्मलेले कोकरू, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. मेंढी डांबरावर रेंगाळली तर ट्रकच्या पुढे जाऊन तिला हाकलायचे काम त्या पोराचे.

त्याचा दिवस झुंजुमुंजू होण्याआधी सुरू होतो. जाळीच्या वाघुरीतून मेंढ्या बाहेर काढायच्या. लंगडणारी, मलूल झालेली बाजूला धरायची. कोकरे आपापल्या आयांना लावायची. शंभर सारख्या दिसणाऱ्या मेंढ्यांतून कुठले कोकरू कुठलीचे हे आठ-नऊ वर्षांच्या पोराला बिनचूक ओळखता यावे लागते, नाही आले की कोकरू उपाशी राहते आणि पोराला मार बसतो. मग पाणी, सरपण. मग दिवसभर चराई. नजर एकाच गोष्टीवर ठेवायची, मेंढी कुणाच्या उभ्या पिकात जाता कामा नये. गेली तर शेतकरी आधी पोरालाच धरतो. सूर्य बुडाला की वाघूर पुन्हा उभी करायची, मेंढ्या आत घ्यायच्या. रात्री कुत्री भुंकली की बिबट्या आला असे समजून उठायचे. पावसात डोक्यावर घोंगडे नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. विजा कडाडत असतात तेव्हाही माळावर मेंढ्यांपाशीच थांबायचे. साप चावला तर दवाखाना किती कोसांवर आहे, ते त्या पोराला ठाऊक नसते. आपण आज कुठल्या गावाच्या शिवारात आहोत हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

वीटभट्टीवरच्या पोराशी याची तुलना करून पाहा. भट्टीवरचे हालही कमी नाहीत. पण तिथे पोर आईबापांसोबत असते. भट्टीला जागा असते, मालकाचे नाव असते, रस्त्यावरून ती दिसते. म्हणूनच विधायक संसद या संस्थेला १९९५ मध्ये भट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा सुरू करता आल्या. मेंढ्यांमागच्या पोराला हे काहीच नाही. वाडा आज संगमनेरात असतो, पंधरवड्याने निफाडात, होळीला आणखी कुठे. आईबापांना भेटायचे म्हटले तरी ठिकाण सापडत नाही. मालकाचा फोन लागला तर लागला. पोर पळून जायचे म्हणाले तर कुठल्या दिशेला पळणार? त्याला डांबून ठेवायला कुलूप लागत नाही, सततची वाट पुरेशी होते. घरच्या बोलीचे एकही माणूस भोवती नसताना वर्ष-दोन वर्षे काढलेली काही मुले परत आली तेव्हा बोलायचीच थांबली होती, असे पाड्यांवर काम करणारे सांगतात. ही मुले सुटली म्हणून आपण त्यांची गणती सुदैवी म्हणून करतो.

आता आईबापांविषयी. ‘आईबापच पोरे विकतात, त्याला सरकार काय करणार’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, शिकल्यासवरल्या शेजाऱ्यांच्याही तोंडून ऐकले आहे. ते बोलणाऱ्याने श्रावणात एकदा कातकरी वाडीवर जावे.

केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती अतिअसुरक्षित मानल्या आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत या राज्यात पावणेतीन लाखांहून अधिक कातकरी होते. खैरापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा बसला. शेती त्यांच्या नावावर कधीच नव्हती. पुष्कळ वाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत, पायाखालची जागाही आपली नाही. दिवाळीनंतर भट्टी, कोळसा, मासेमारी, शेतमजुरी यावर सहा-सात महिने निघतात. लावणी उरकली की श्रावण-भाद्रपदात काम नसते, घरात दाणा नसतो, आणि त्याच दिवसांत तापाचे आजार येतात. भट्टीमालकाची उचल याच दिवसांत घेतली जाते. मेंढपाळाचा माणूस किंवा मधला दलालही याच दिवसांत येतो. तो रोख पैसे पुढे करतो, वर्षाने मेंढी देईन म्हणतो, आणि सगळ्यात मोठे आमिष म्हणजे पोर दोन वेळ खाईल, हे सांगतो. घरात चार भुकेली तोंडे असताना आईने या बोलण्यावर विश्वास ठेवला, तर त्याला विक्री म्हणायला आपली जीभ धजावता कामा नये. आईबापांचा दोष आहे असे क्षणभर धरले, तरी ती वेळ त्यांच्यावर येऊ न देणे हे ज्यांचे काम होते त्यांचा दोष आधी मोजावा लागेल.

मेंढपाळांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अशा घटनेनंतर सगळ्या धनगर समाजाकडे बोट दाखवले जाते आणि तो अन्याय आहे. पोर राबवणारा, मारणारा माणूस गुन्हेगार आहे आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. त्यात माझ्या मनात जराही संदेह नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या लेकरांसह उन्हातान्हात भटकणाऱ्या समाजाचा धंदाही चहूबाजूंनी आवळला गेला आहे. गायराने अतिक्रमणात गेली, वनात चराईला बंदी, खालच्या पट्ट्यात ऊस आणि द्राक्षांनी मोकळी राने संपवली. स्वतःची मुले शाळेत घालावीत असे धनगर आईबापांना वाटू लागले आहे, आणि ते योग्यच आहे. मग कळपामागे माणूस कमी पडते. मोठा गडी ठेवला तर त्याची मजुरी परवडत नाही. अशा वेळी ज्याला मजुरी द्यावी लागत नाही, जे उलटून बोलत नाही आणि ज्याची चौकशी कुणी करत नाही, असे पोर शोधले जाते. एका दुबळ्या समाजाची अडचण आपण दुसऱ्या, त्याहून दुबळ्या समाजाच्या लेकरावर ढकलू दिली. ज्या जिल्ह्याला आपण २०२४ मध्ये अहिल्यादेवींचे नाव दिले, चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या त्या न्यायी राज्यकर्तीचे, त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने तरी हे खपवून घेऊ नये.

कायदा कमी पडला असे आपल्याला म्हणता येणार नाही. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा आहे. उचल घेतलेल्या माणसाने स्वतः राबणे जसे त्यात येते, तसेच आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी लेकराने राबणेही येते. असले कर्ज कायद्याने त्याच क्षणी रद्द होते, ते फेडायची गरज उरत नाही, आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. न्या. भगवती यांच्या खंडपीठाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात याच्याही पुढे जाऊन सांगितले की, सक्तीचे काम दिसले की त्यामागे उचल आहे असेच गृहीत धरावे. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवण्यावर २०१६ च्या दुरुस्तीनंतर सरसकट बंदी आहे. शाळा सुटल्यावर घरच्या कामात हातभार लावण्याची जी सवलत त्यात आहे, ती परक्याच्या कळपामागे दिवसरात्र राहणाऱ्या पोराला लागू होत नाही. शिक्षणाचा हक्क २००९ चा. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, आदिवासीला वेठीला धरणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि १९७६ च्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती बंधनकारक केली आहे. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष आपण आहात, जिल्हाधिकारी महोदय. अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य तिच्यात असायला हवेत. वेठबिगार शोधणे, त्यांना सोडवणे, त्यांचे पुनर्वसन होते का हे पाहणे, हे तिचे काम. मी आपल्याला जाहीरपणे विचारतो: गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात ही समिती किती वेळा बसली? तिचा एक तरी सदस्य एखाद्या वाड्यावर गेला का? तीनपैकी कातकरी सदस्य किती?

यावर एक उत्तर ठरलेले असते. वाडे फिरते आहेत, आमच्याकडे माणसे कमी आहेत, प्रत्येक कळपापर्यंत पोचणे शक्य नाही. हे उत्तर मला मान्य नाही, कारण प्रत्येक कळपापर्यंत सरकार पोचलेले आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचली जाते. पीपीआरची टोचली जाते. पशुधन पर्यवेक्षक वाघुरीत उतरून एकेक मेंढी धरतो. कानात बिल्ले मारायची मोहीम राज्यभर झाली. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर अनुदानावर मिळतात, त्यांचा विमा उतरवला जातो, त्यांचे फोटो फाइलीला लागतात. बिबट्याने मेंढी मारली तर वनरक्षक येतो, पंचनामा करतो, भरपाईचा प्रस्ताव जातो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, जात, वय, नर-मादी अशा तपशिलासह. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची आणि त्यांच्या कळपांची वेगळी नोंद पहिल्यांदाच घेतली गेली, तीही मोबाइल अॅपवर. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे, व्हायलाच हवी. मेंढी वाचली तर मेंढपाळ वाचतो.

पण लस टोचताना मेंढीचे डोके ज्याने दोन गुडघ्यांत धरले होते, ते पोर कुणाचे, असे त्या वाघुरीत कुणीच विचारत नाही. अर्जात त्यासाठी रकाना नाही. शंभर मेंढ्यांच्या कळपात एक मेंढी कमी भरली तर मालकाला, विमा कंपनीला आणि वनखात्याला त्याच दिवशी कळते. पाड्यावरून एक पोर कमी झाले तर शाळेला, अंगणवाडीला आणि तहसीलला वर्षभर कळत नाही. हा फरक पैशाच्या किंवा माणसांच्या टंचाईमुळे पडलेला नाही. काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे, हे आपण ठरवले आहे, म्हणून तो पडला आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही, बहुतेकांना नवा पैसाही लागत नाही.

पहिली मागणी पशुसंवर्धन आयुक्तांकडे. लसीकरणाच्या, बिल्ले मारण्याच्या आणि महामेषच्या पाहणीच्या प्रत्येक नमुन्यात एक रकाना वाढवा: कळपासोबत १८ वर्षांखालील मुले किती, ती कुणाची, त्यांची शाळा कोणती. मेंढपाळाचे स्वतःचे नसलेले मूल दिसले की पर्यवेक्षकाने त्याच दिवशी तहसीलदारांना आणि १०९८ या बालमदत क्रमांकाला कळवावे. पशुवैद्याने पोलीस व्हावे असे मी म्हणत नाही. त्याने पाहिलेले फक्त सांगावे. आणि ज्याच्या कळपात परके पोर राबताना सापडेल त्याचे अनुदान तिथल्या तिथे थांबावे.

दुसरी मागणी शाळेच्या हजेरीची. कातकरी वाड्यांवरचे मूल सलग पंधरा दिवस दिसले नाही तर ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून प्रकरण मिटवू नका. कुणाबरोबर गेले, कुठे गेले, नेणाऱ्याचा फोन काय, हे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांनी मिळून लिहून घ्यावे. आईबाप वाडीवर आहेत आणि मूल नाही, ही एवढी एक खूण पुरेशी आहे. तिथे चौकशी थांबता कामा नये. श्रावणात आणि दिवाळीच्या आधी अशी खास पडताळणी व्हावी, कारण मुले याच दोन वेळी जातात.

तिसरी मागणी सुटकेनंतरची. मूल सापडले की त्याला मुक्तीचा दाखला लगेच मिळाला पाहिजे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे. बालकांसाठी पुनर्वसनाची रक्कम दोन लाख आणि मानवी तस्करीसारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये आहे. तातडीच्या मदतीला खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नसते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताशी त्यासाठी दहा लाखांचा कायमनिधी ठेवायची तरतूद २०१६ पासून आहे. दाखला रखडला की पैसे रखडतात, पैसे रखडले की पुढच्या श्रावणात तेच पोर पुन्हा वाड्यावर जाते. मोठी रक्कम निकालाला बांधलेली असल्याने खटलेही रेंगाळू देऊ नका. या गुन्ह्यांची सुनावणी संक्षिप्त पद्धतीने करण्याचे अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येतात, असे १९७६ चाच कायदा सांगतो.

चौथी मागणी भुकेच्या महिन्यांची, आणि माझ्या मते हीच मुळाची. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करणारे हे राज्य आहे. श्रावण-भाद्रपदात प्रत्येक कातकरी वाडीच्या आसपास काम सुरू असलेच पाहिजे आणि मजुरी आठवड्याला हातात पडली पाहिजे. कोरोनाच्या काळात खावटी अनुदान म्हणून पात्र आदिवासी कुटुंबांना प्रत्येकी चार हजार रुपयांची मदत जाहीर झाली, अर्धी रोख आणि अर्धी धान्य-किराण्याच्या रूपात. तशी मदत आदिम जमातींना दर पावसाळ्यात वेळेवर मिळाली, तर मेंढपाळाच्या दलालाची बोली आपोआप फोल ठरेल, कारण त्याची बोलीही जवळपास तेवढीच असते. एका पोराच्या वर्षभराच्या आयुष्याची किंमत आज बाजाराने एवढीच लावलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात अतिअसुरक्षित जमातींना घरे, रस्ते, आधार आणि जातीचे दाखले देण्याचे वचन आहे. ज्या वाड्यांवरून मुले मेंढ्यांमागे गेली, त्या वाड्या या कामात सगळ्यात आधी घ्या, आणि राहत्या जागा त्यांच्या नावावर करा. पायाखालची जमीन आपली झाली की माणूस नाही म्हणायला धजावतो.

पाचवी मागणी मेंढपाळांसाठी. चराईची राने आणि मुक्कामाच्या जागा ठरवून द्या, तिथे पाण्याची सोय करा. फिरत्या वाड्यांवरच्या धनगर मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे चालवा, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी करता तशी. मेंढपाळ कुटुंबाला मोठा गडी ठेवणे परवडेल असे पाहा. पोर कामावर ठेवणे गुन्हा आहे हे समाजाच्या मेळाव्यांत, जत्रांत, समाजाच्याच जाणत्या माणसांनी सांगावे, म्हणून त्यांना सोबत घ्या. हा प्रश्न दोन गरीब समाजांना एकमेकांसमोर उभे करून सुटणार नाही.

शेवटची मागणी दक्षता समित्यांची. त्यांच्या बैठकांची तारीख, उपस्थिती आणि इतिवृत्त दर तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक पंचायत समितीच्या फलकावर लागू द्या. बैठक झाली नसेल तर ‘झाली नाही’ असे लिहा. लोकांना तेवढे तरी कळू द्या.

वाचकांनाही एक विनंती आहे. महामार्गावर कळप आडवा आला की आपण गाडी थांबवतो, कुणी फोटो काढतो, कुणी भोंगा वाजवतो. यापुढे कळपाच्या शेवटच्या टोकाला नजर टाका. तिथे लहान मूल दिसले तर नाव विचारा, आईबाप कुठे आहेत ते विचारा. उत्तर अडखळले तर १०९८ ला फोन करा. आपले नाव सांगावे लागत नाही.

अधिकारी महोदय, वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ मध्ये झाला. इगतपुरी तालुक्यातली ती मुलगी २०२२ मध्ये गेली. मधली ४६ वर्षे कायदा होता, समित्या होत्या, निधी होता. नव्हती ती फक्त विचारपूस. येत्या दिवाळीनंतर वाडे पुन्हा निघतील आणि त्यांच्यामागे पोरे चालतील, तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाचे नाव आपल्या तालुक्याच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे. ते लिहून घेण्याचा आदेश आपण या महिन्यात काढावा, एवढीच मागणी.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक नागरिक